गट नंबर एकशे बारा

नकाशात ती अजून आहे.
शाईचा एक वाकडा गोल,
आत बारीक अक्षरात : गढी, पोटखराब.
जागेवर मात्र हरभरा,
आणि एक हातपंप, तोही कोरडा.

पैकुजी ढोक सांगतो,
पेंढारी आले की सारं गाव आत.
गुरं, ज्वारीची पोती, एकदा तर एक बाळंतीण.
दार लागलं की नदीचा आवाजही बाहेर राही.
हे त्यानं पाहिलं नाही, त्याच्या आज्यानंही नाही.
तरी सांगताना तो दोन्ही हातांनी
हवेत अडसर सारतो.

तोफेनं नाही पडली ती.
टोपल्याटोपल्यानं गेली.
पांढरी माती, धाब्यावर घातली की गळत नाही,
म्हणून दर वैशाखात
आधी बुरूज, मग तट, मग पाया.
डोक्यावरून, गाढवांवरून,
शेवटी ट्रॅक्टरनं.

शेवटची ट्रॉली माझी.
फावड्याला एक पेव लागलं,
आत जुनी ज्वारी, काळी,
बोट लावताच धूर झाली.
मी तीही भरली.

आता धाबी गेली, स्लॅब आले.
त्या मातीचं काय झालं
मला विचारू नका.

पण वावराकडची बैलवाट
अजून सरळ जात नाही.
हरभऱ्याला लांबून वळसा घालते.
काल ढोकाचा नातू
मोबाईलमध्ये डोकं घालून चालला होता,
तोही वळला.
म्हटलं, काऊन रे, सरळ जाय ना.
म्हणे, वाट इकडूनच हाय.