पालकांचा शनिवार

ऑक्टोबरचा तिसरा शनिवार. डुलुथचं सरोवर आज शिशाच्या रंगाचं.
मानसशास्त्र विभागाच्या दारात मी घडीचं टेबल उघडते.
एकोणीस वर्षं त्याचा एक पाय आखूडच आहे,
त्याखाली मागच्या वर्षीचं माहितीपत्रक दुमडून सारते.
कॉफीची टाकी. नावाच्या चिकटपट्ट्या. पालक.

पहिला प्रश्न मला पाठ आहे,
कोटाची चेन उघडायच्या आतच तो बाहेर पडतो:
हे शिकून पोरगी पुढे करणार काय?
मग, बी.ए.वर भागतं का, की अजून दोन वर्षं, की सहा?
सहा?
बायको नवऱ्याकडे बघते. नवरा कॉफीत बघतो.
आणि सुट्टीत घरी आल्यावर आमच्यावरच प्रयोग करेल का हो?
हे विचारताना सगळे हसतात,
आणि हसून झालं की
उत्तरासाठी थांबतात.

मी सांगते. शाळा, इस्पितळं, कारखान्यांतली नोकरभरती.
हो, संख्याशास्त्र सक्तीचं, बहुतेकांचं घोडं तिथंच पेंड खातं.
नाही, उंदीर फक्त दुसऱ्या मजल्यावर.

खरं विचारायचं असतं ते लोक फोनवर विचारतात.
सोमवारी, सकाळी आठच्या आत, प्राध्यापक यायच्या आधी.
तो जेवतो का? वर्गात कुणाशेजारी बसतो?
मुलाला अठरा लागली की कायदा मधलं दार ओढून घेतो,
आणि मी बसते तोंडात मिठाची गुळणी धरून.
एकदाच चुकले. मिसेस ओडेगार्डना म्हटलं,
आज त्याच्या गळ्यात लाल मफलर होता.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
मग, "मी विणलाय."
आणि फोन बंद.

दुपारी तीनला गर्दी ओसरली तरी एक जण राहिला होता.
आर्वो लेहटोनेन, वरच्या खाणींच्या गावात
लोकांच्या तळघरांतल्या भट्ट्या दुरुस्त करणारा.
त्याने काहीच विचारलं नव्हतं. भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभा होता,
मुलीने, सायमीने, आणि आणखी दोघींनी केलेला तक्ता:
*फोनवर आईवडील किती वेळ गप्प राहतात.*
निळे खांब, बहुतेक बुटके. एक मात्र छताला टेकलेला.

"चौदा नंबर कोण?"
नावं गुप्त असतात, मी म्हटलं.
"सही मी केली होती. कागद वाचला नव्हता."
मी माहितीपत्रकांची चळत सारखी केली. ती आधीच सारखी होती.
"अकरा सेकंद," तो म्हणाला. "सरासरी."
मग, भट्टीचा काटा विचारावा तसं:
"यातून तो माणूस कसा आहे, ते निघतं का?"

नाही, मी म्हटलं. फक्त लांबी निघते.
आणि खाली बारीक अक्षरांत एक टीप आहे, ती दाखवली.
ती सांगायला कायद्याची हरकत नव्हती, भिंतीवरच होती:
*सहभागी १४ यांनी एकदाही फोन आधी ठेवला नाही.*

त्याने चष्मा काढला, पुसला, ती ओळ परत वाचली.
मग म्हणाला, "तुमचा रेडिएटर ठोकतोय."
तो तर १९९०-९२पासून ठोकतोय, मी म्हटलं.
पण तो गुडघ्यावर बसलाही होता, खिशातून
पितळेची इवलीशी किल्ली काढून. हवा सुटली, मग थोडं पाणी,
ते त्याने स्वतःच्या रुमालात घेतलं.

सायमी जिन्यावरून आली ती याच वेळी.
अर्ध्या पायरीवर थांबली. त्याने वर बघितलं,
एका हातात किल्ली, दुसऱ्यात ओला रुमाल.
ठोकणं बंद झालं होतं, म्हणूनच ऐकू आलं
की दोघंही काही बोलत नाहीयेत.

मी टाकीतली उरलेली कॉफी ओतून द्यायला गेले.
मोजलं नाही.