समजूत

सत्त्याण्णवची ओम्नी. चार दारं, चार चाव्या,
कारण प्रत्येक दाराचं कुलूप वेगळ्या साली मेलं.
पाचवी पेट्रोलच्या झाकणाची.
गुरुनाथ म्हणायचे, हा जुडगा काट्यावर ठेव, पाव किलो भरेल.
ठेवला. दोनशे दहा ग्रॅम.
वजनकाटे दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या माणसाचा अंदाज चुकला,
याचं हसू त्यांना आठवडाभर पुरलं.

ते गेल्यावर दुरुस्तीचा परवाना माझ्या नावावर झाला,
गाडीही झाली.
कुलपं मात्र त्यांचाच हात ओळखायची.
ड्रायव्हरचं दार: चावी पूर्ण आत घालायची, मग केसभर मागे ओढायची.
सरकतं दार: आधी ढोपराचा रेटा.
मागचं दार कशानेही उघडायचं,
जेवायच्या चमच्यानेसुद्धा.
हे मला फार उशिरा कळलं.
कुणाला तरी आधीपासून माहीत होतं.

घोडपदेवच्या भिंतीलगत गाडी लावते मी.
सकाळी मागच्या गोणपाटावर
कुशीवर झोपलेल्या माणसाएवढा खळगा असायचा,
खोबरेलाचा वास,
शेंगांची टरफलं, पण कागदात नीट पुडी बांधलेली.
एकदा आतला दिवा माझ्याकडून चालू राहिला.
सकाळी बंद होता. बॅटरी शाबूत.
मी कुणाला काही बोलले नाही.
तोही कधी समोर आला नाही.
यापेक्षा चांगले करार मी पाहिलेले नाहीत.

मग मसालेवाल्या छेडांचा वजनांचा संच गेला.
पितळी, पाचशेपासून पन्नासपर्यंत,
सरकारी शिक्का मारून आदल्याच दिवशी आणलेला.
पुतण्या म्हणाला, काकू, आता तरी.

कुर्ल्याला इस्माईल दळवी.
दाराचा आतला पुठ्ठा त्यांनी उपसला, क्लिपा तटातट उडाल्या.
दाराच्या पोटातून निघालं ते असं:
कंगव्याचे दात, एक चार आणे,
आणि त्या पेनाचं टोपण, ज्याच्यावरून
गुरुनाथांनी एक अख्खा रविवार माझ्याशी अबोला धरला होता.
दळवींनी जुनं कुलूप तळहातावर घेतलं,
नखाने फिरवलं. फिरलं.
म्हणाले, "बाई, हे कुलूप नाही. ही नुसती समजूत आहे.
उघडायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं, म्हणून बंद होतं."

दिवसभर काम चाललं. नवी कुलपं, सगळी एका चावीवर.
जिथून पट्टी घालून दांडी ओढतात, तिथे आतून पत्रा.
प्रत्येक दारात मोटर, हातात रिमोट.
चार हजार दोनशे म्हणाले, मी अडीच म्हणाले,
शेवटी चौतीसशे आणि जुनी कुलपं त्यांची.
ड्रायव्हरच्या दाराचं तेवढं मी मागून घेतलं.
पर्समध्ये टाकलं, औषधाच्या पट्ट्यांशेजारी.
"दोन चाव्या येतात. तिसरी काढू?"
कुणासाठी, म्हटलं.

रात्री टुक-टुक केलं. चारही दारं एकदम खाली बसली,
वर्ग शिक्षकांना पाहून बसतो तशी.
घरी आल्यावर नवा जुडगा काट्यावर ठेवला. त्रेपन्न ग्रॅम.
बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले.
बोलायला कुणी नव्हतं.

सकाळी बटण दाबलं. गाडी मुकी.
आतला दिवा मी विसरले होते. जळून जळून
निखाऱ्याएवढा लाल उरला होता.
मागच्या काचेवर कपाळाएवढा खोबरेलाचा डाग,
दोन्ही बाजूंना तळव्यांच्या कडा,
उजेडात आत डोकावताना धरतात तशा.
किती वेळ उभा होता, कोण जाणे.
काचेवर टकटक केली असेल. कुणाला हाक मारणार,
माझं नाव तरी कुठे माहीत त्याला?
वजनं त्यानेच नेली असतील. नसतीलही.
नेली असती तर परत आला असता का, हे मी
दोन्ही पारड्यांत घालून पाहिलं. काटा थांबेना.

चावी घालून दार उघडलं. अगदी सहज उघडलं,
कसलीच खोच नाही, कुणालाही उघडेल असं.
दळवींना फोन लावला.
त्यांना वाटलं बॅटरीसाठी.