चौथा थर

तेरणेच्या काठी, औशाच्या खालच्या अंगाला,
जिथून धाब्यावर टाकायला गावानं पांढरी माती नेली
गाढवांवर लादून, पिढ्यान्‌पिढ्या,
त्या टेकाडाचं उरलेलं पोट आम्ही कापतो आहोत,
पाच मीटर बाय पाच मीटर.

वर नांगरटीचा थर, त्यात बांगडीची काच, बॅटरीचा सेल.
त्याखाली राख. मग लालसर भुगा, खापऱ्या.
चौथा पिवळट, घट्ट,
चोपून सारवलेली जमीन
आणि जमिनीत गोल डाग.

मी पाणी शिंपडते, रंग उठेपर्यंत थांबते.
वाळलं की डाग दिसत नाहीत.
एका शिंपणीपुरतं मिळतं घर.

लाकूड केव्हाच गेलं.
त्याच्या जागेत उतरलेली दुसरीच माती,
काळी, भुसभुशीत, तिला मी नंबर देते.
एक ते नऊ. कागदावर ठिपके जोडते :
कधी गोल झोपडी होते, कधी लांबट गोठा.
सोजरबाई घमेलं टेकवून वाकते.
"सहावं खोडा. ते घुशीचं हाय.
घूस वाकडी जाती. मेढ उभी असती."

सहावं खोडलं.

तिसऱ्याला चिकटून चौथं, एकात एक शिरलेलं.
मी लिहिलं : दोन काळ? 
"काळ कशाचे! वाळवीनं बुडातनं खाल्ली असंल.
शेजारी दुसरी रवली, मग पयली काढली.
तवर आढं काय डोक्यावर धरायचं?"

नवव्यात तिनं कोपरापर्यंत हात घातला.
तळाशी चपटा दगड.
मेढ खचू नये म्हणून कुणीतरी
निवडून, सपाट बाजू वर करून ठेवलेला,
कुणालाच दिसणार नाही अशा ठिकाणी.
ती हात काढेना.

पश्चिमेच्या कडेला एक भिंत आडवी झालेली,
सगळे दगड एकाच बाजूला.
पूर असेल, मी म्हटलं.
ती बघत राहिली.
"आमची बी अशीच पडली. त्र्याण्णवला. भाईर.
मेढी उभ्या व्हत्या, माळवद मेढीवर व्हतं.
म्हणून हाय मी."
आणि घमेलं उचलून
चाळणीकडं गेली.

वहीत रकाने आहेत : रंग, पोत, ओल, काय काय सापडलं.
मी 'पूर' खोडलं नाही.
त्याला चिकटून दुसरा शब्द रवला,
पहिला काढायचा की नाही ते मग बघू.

तोवर जमीन वाळून एकसारखी झाली होती.
सोजरबाई न सांगता
कळशी घेऊन आली.