वजनाची वही

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, ओहोटी पाहून,
ऐरोलीच्या खाडीकाठी आम्ही जमतो.
बँकेतून निवृत्त झालेले काळसेकर,
प्रमाणपत्रासाठी आलेली कॉलेजची पोरं,
आणि एक नवरा-बायको, जे येताना-जाताना बोलत नाहीत
पण गोणी दोन्ही टोकांनी धरतात.

मी चिखलात उतरत नाही. गुडघा.
माझ्याकडे वही, बॉलपेन
आणि भंगारवाल्या इद्रिसभाईंचा उसना काटा.
गोणी टांगायची, काटा थरथरायचा थांबेपर्यंत
श्वास धरायचा,
आकडा लिहायचा.

थर्माकोल: डोंगराएवढा, वजनाला काही नाही.
चपला: बत्तीस, जोडी एकही नाही.
गादी: एक. चौघांना उचलली नाही.
दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे
एका पोराने मोजायला घेतले,
चारशेवर सोडून दिले.

हरेश्वर मढवी होडीच्या काठावर बसून बघतो.
'आमचे जाल्यान मावरां कमी नि पिशव्या जास्ती,' म्हणतो,
मग आमच्या नव्या कोऱ्या टी-शर्टांकडे बोट करून,
'यांचा वजन लिवलाव का?'
मी हसले. नंतर समासात लिहून ठेवलं:
टी-शर्ट चाळीस. पुढच्या वर्षी नकोत.

तिवरांच्या मुळांतून तन्वय वर आला तेव्हा
त्याच्या हातात चौकट होती.
काच फुटलेली, पुठ्ठा सुजलेला,
आत लक्ष्मी, कमळापासून खाली धुऊन गेलेली.
'काकू, देव कुठल्या गोणीत?'

ओला, सुका, काच, घातक.
वहीत चारच रकाने.
सगळे माझ्या पेनाकडे बघत राहिले.
लाकूड लाकडात गेलं, काच काचेत,
कागद मात्र कुणी हातात धरेना.
तो मी वहीतच ठेवला, वाळायला,
मार्चच्या पानावर.

आणि मग ती निळी पिशवी आली.
तोंड लाल दोऱ्याने बांधलेलं:
दोन वेढे, वर फास, उरलेलं टोक आत खोचलेलं.
अशी गाठ मी बांधते.
डाळींच्या पिशव्यांना, लोकरीच्या गाठोड्याला,
अजूनही.

दहा वर्षं झाली. सासूबाईंचं तेरावं उरकून
पुलावरून परतताना ह्यांनी गाडी हळू केली,
थांबवली नाही.
मी काच खाली घेतली.
हार, जपमाळ, चष्मा, उरलेल्या गोळ्यांची पाकिटं.
पाण्यात सोडलं, असं म्हणतात आमच्यात.
टाकलं म्हणत नाहीत.

माझीच असेल असं नाही.
एवढ्या शहरात कितीजणी असं टोक आत खोचत असतील.
'उघडू?' तन्वयने विचारलं.
राहू दे, म्हटलं. काट्याला लाव.

काटा थरथरला.
नेहमीपेक्षा जास्त वेळ,
की श्वासच मी जास्त वेळ धरला होता.
आठशे ग्रॅम.

वहीत शेवटी एक रकाना असतो: कुठून आलं.
पालिकेच्या नमुन्यात आहे म्हणून आखते,
आणि वरपासून खालपर्यंत
'भरतीबरोबर' लिहून मोकळी होते.
आज पेन तिथे टेकलं आणि हललं नाही.
समोर एक निवटी चिखलातून वर आली,
डोळे फिरवून माझ्याकडे पाहिलं
(माझ्याकडेच, असं काही नाही)
आणि परत बिळात गेली.

पाणी चढायला लागलं होतं.
पोरं हातमोजे काढून फोटोला उभी राहिली.
'एकूण किती?' काळसेकरांनी ओरडून विचारलं.
तीनशे बारा किलो, मी म्हटलं,
आणि वर आठशे ग्रॅम.

'वरचे द्या सोडून.'

नाही, म्हटलं.
ते लिहायचेत.