टेकू

तीन दिवसांच्या सुट्टीवर तारामुंबरीला आले,
पिशवीत कपड्यांहून जड एक फाईल :
माणसं घेऊन चंद्रावर उतरायच्या यानाचं
अंदाजपत्रक, फेर सातवा.
पाय माझ्याकडे आहेत. चारही.
इंजिन दुसऱ्यांकडे, हवा-पाणी तिसऱ्यांकडे,
आणि पैसे कुणाकडे
हे बैठकीत कुणी सरळ सांगत नाही.

खाडीला ओहोटी लागलेली.
धाकू मेस्त पोटरीभर चिखलात उभा,
'जलवंती'च्या कुशीला टेकू लावत.
चहाचा ग्लास त्याने नाळेजवळच्या फळीवर ठेवलेला,
काठोकाठ. मी विचारलं, सांडेल ना?
तो म्हणाला, "बघ."

मग हात लुंगीला पुसून
माझी आकृती त्याने उलटी-सुलटी पाहिली.
"चार कित्याक? तीन पुरतत.
तीन पायांचो स्टूल कधी डुगडुगणा नाय."
आणि एक मोडला तर?
जरा वेळ गेला. "मगे चारच घाल."
समितीला इथवर यायला
अकरा महिने लागले होते.

पायाच्या नळीत मधाच्या पोळ्यासारखी जाळी आहे,
उतरताना चुरगळायची, धक्का पिऊन टाकायची,
एकदाच.
"एकदाच? मगे तो टेकू न्हय गे,
तो नारळ."
नारळाची किंमत सांगितली.
त्याने कानावरची पेन्सिल काढली,
सागाच्या फळीवर शून्यं मांडत गेला.
फळी संपली. दुसरी घेतली नाही.

द्वारका कुबल बर्फाचा हिशेब करून येत होती,
सोसायटीची वही काखेत.
"थंय म्हावरा गावतला?"
नाही.
"वाटो कोणाक?"
कुणालाच नाही. दगड येतील थोडे.
ती हसली नाही, हे मला जड गेलं.
हसली असती तर मी काहीतरी बोलले असते,
शाळेतली मुलं, देशाचं नाव,
बैठकीत बोलतात तसलं.
ती वही चाळत राहिली, एका पानावर थांबली :
त्या सालच्या वादळात वसंताची होडी,
पाच दिवस, नऊ होड्यांचं डिझेल, सगळं सोसायटीच्या नावे.
"माणूस हाडूक गेलो तेवा
म्हावरा किती गावला,
कोणी इचारल्यान नाय."
आणि वही मिटून निघून गेली.
हे माझ्या बाजूने होतं की विरुद्ध,
अजून ठरवता आलेलं नाही.
आम्ही तर कुणाला आणायला जात नाही आहोत.
आम्हीच नेतोय, आणि आम्हीच आणायचं आहे.

रिकामं यान पाठवलं असतं तर
पाव खर्चात भागलं असतं.
माणूस बसला की श्वास बसतो, तहान बसते,
लघवीची पिशवी बसते, खुर्ची बसते,
आणि सगळ्यांत महाग,
घर बसतं त्याच्या पाठीमागे वाट बघत.
पान एकेचाळीसवर लाल शेरा आहे :
'परतीचे राखीव इंधन कमी करता येईल काय?'
मी तो धाकूला वाचून दाखवला.

"ह्या लिवणारो कधी दर्यात गेल्लो?"
माहीत नाही.
"आमी जाताना आधी परतीचा तेल काढून ठेवतो.
उरात ता जायचा."
एवढंच बोलून तो खाली वाकला,
पाचरीवर हातोडीचे दोन घाव घातले,
कान लावून लाकूड ऐकलं,
तिसरा घातला नाही.

मधल्या मधे पाणी निघून गेलं होतं.
कुणी होडी उतरवली नाही,
तिच्याखालून समुद्रच काढून घेतला गेला
आणि पठाण चिखलात टेकलं
एखादं जनावर बसतं तसं, कुरकुरत.
चंद्र अजून उगवायचा होता. काम त्याचंच.
रोज दोनदा, किनारा भरून होड्या,
फेर पहिला की सातवा, कोण मोजतंय.

ग्लासवर साय धरली होती.
थेंबभर बाहेर नाही.

मी पेन्सिल मागितली.
शेऱ्यासमोर लिहिलं, 'नाही.'
खाली सही, तारीख.
कागदावर चिखलाचा अंगठा उमटला,
तो पुसायचा राहिला.

"झाला," धाकू म्हणाला. "आता चढ."
मी चढले.
ती हलली नाही.