विषम वर्ष

यंदा राष्ट्राध्यक्ष निवडायचा नाही,
म्हणून चर्चच्या तळघरात गर्दी नाही.
कॉफी तीनदा गार झाली.
ओडेटा प्रुइट यादीवर पट्टी धरून बसलीय,
सकाळपासून दोनशे सहा नावांवर खूण.

तिच्या नावाखालचं नाव कोरं :
प्रुइट, डेला.
"मधलंच तर वर्ष आहे, मॉम, काय अडतंय?"

बाहेर व्हर्जिनियाचा ओला नोव्हेंबर,
भुईमूग उपटून झालेली शेतं,
कुंपणाशी दोन्ही पक्षांच्या पाट्या
वाऱ्यानं एकमेकींवर रेललेल्या.

रिचमंडला म्हणे सभागृह
एका खुर्चीवर अडलंय.
इकडे झुकलं तर शाळांना पैसा.
तिकडे झुकलं तर,
तेही शाळांनाच म्हणतात.

सात वाजायला चार मिनिटं असताना
लोवेल हॅचर आला,
कालवांच्या बोटीवरून तसाच, रबरी बुटांत.
"आज कशाचं मतदान आहे?"
"विधानसभेचं."
"कोण बरं आहे?"
ओडेटानं कागद पुढे सरकवला.
तेवढंच करायचं असतं.
आडोशामागे तो इतका वेळ होता
की तिनं घड्याळ बघणं सोडून दिलं.

पहाटे आकडा आला. तीन मतं.
सभापतीची हातोडी
या टेबलावरून त्या टेबलावर जाणार.
लोवेल तेव्हा खाडीत होता,
त्याचं मत तिघांत की पडलेल्यांत, कोण सांगणार.

ओडेटा फरशीवरचा चिखल पुसत होती
तेवढ्यात डेलाचा फोन :
"मग, कोणाची सत्ता आली?"

ओडेटानं फडकं पिळलं.
"जे आले त्यांची."