जिना बाकी आहे

मिंदेलोत वारा ईशान्येकडून येतो.
येतो कसला, तो इथेच राहतो,
आम्हीच त्याच्याकडे भाड्याने.
मैदानावर गवत कधी नव्हतंच. काळी, खरखरीत माती,
आणि उंच मारलेला चेंडू
अर्ध्यावर विचार बदलून परत यायचा.
माझा भाऊ अदेरितो या वाऱ्यात गोलकीपर झाला.
चेंडू कुठे आहे ते बघायचं नाही, म्हणायचा,
कुठे पडणार तिथे आधी जाऊन उभं राहायचं.
मासे विकताना मलाही ते उपयोगी पडलं.

पहिला करार पोर्तुगालचा, दुसऱ्या विभागातला.
डोंगरातलं गाव, लोकरीच्या गिरण्या बंद पडलेल्या.
खालचा मजला त्या पैशांचा.
विटा मी मोजून घेतल्या,
सेलेस्तिनो गवंड्याशी अर्ध्या विटेवरून
दोन दिवस अबोला धरला.
तिकडे हा बाकावर, अंगावर ब्लँकेट.
नुसतं बसायचे पैसे देतात? आई विचारायची,
मग आपला ज्यॉर्जिन्यो तर लखपतीच व्हायला हवा.
एकदा फोनवर हळूच म्हणाला,
इल्डा, इथे वाराच नाही गं.
चेंडू सरळ येतो
आणि माझे हात बाजूला जाऊन वाट बघत राहतात.

मग सायप्रस.
चार महिने पगार नाही,
क्लबचा मालक मुलीच्या लग्नात नाचताना पेपरात.
म्हणून वरच्या मजल्याला जिना नाही.
भिंती आहेत, खिडक्या आहेत,
न्हाणीघरात गुलाबी फरशीसुद्धा,
चढायला शिडी.
आई शेवटपर्यंत वर गेली नाही.
वर कोण राहतं, कुणी विचारलं
तर म्हणायची, सायप्रस.

रोमानियात मात्र खेळला. एका मोसमात एकवीस सामने.
बर्फात पेनल्टी अडवली, तिथल्या पेपरात फोटो आला,
खाली नाव भलत्याचंच.
आईने तो तसाच चौकटीत बसवला,
चेहरा तर आपलाच आहे, म्हणाली.
ती गेली त्या शनिवारी त्याचा सामना होता.
संध्याकाळी सांगितलं त्याला. आधी का नाही, हे त्याने विचारलं नाही,
मीही अजून स्वतःला विचारलेलं नाही.
लिस्बनचं विमान, मग साल, मग छोटं विमान
वाऱ्यामुळे दोन दिवस अडकलेलं.
तो पोचला तेव्हा फुलं सुकली होती.
महिन्याने बोटीने निळं पिंप आलं,
त्यानेच आधी पाठवलेलं:
तेलाचे डबे, साबण, पोरांचे बूट,
आणि तळाशी आईसाठी लोकरीचा कोट.
मिंदेलोत. कोट.

सदतिसाव्या वर्षी परत आला,
आमच्याच क्लबात, शेवटचा मोसम.
अख्खी वस्ती कठड्यावर. मीही टोपली मिटवून गेले.
विसाव्या मिनिटाला कुणा शाळकरी पोराने
मधल्या रेषेजवळून उगाच एक लाथ घातली.
अदेरितो दोन पावलं पुढे आला, छातीशी हात धरून,
चेंडू जिथे सरळ यायला हवा होता
नेमका तिथे उभा राहिला.
चेंडू त्याच्या डोक्यावरून वळला,
खांबाला घासला, आत गेला.
क्षणभर कुणी हसलं नाही.
मग मागून न्योन्यो ओरडला,
अरे, परदेशातून हवा खायला आलाय तो!
आणि सगळ्यात आधी हसला तो अदेरितोच,
गुडघ्यांवर हात टेकून, बराच वेळ,
इतका वेळ की मी उठून उभी राहिले.

आता सकाळी पोरांना शिकवतो.
हातमोजे गच्चीवरच्या उघड्या सळयांना टोचून वाळत घालतो.
त्या सळया तिसऱ्या मजल्यासाठी सोडलेल्या,
पुढच्या कराराच्या भरवशावर.
दुपारी सेलेस्तिनोच्या मुलाला घेऊन जिना बांधतो,
स्वतः सिमेंट कालवतो, विटा मोजताना चुकतो.
मी बोलत नाही.
काल सहावी पायरी झाली,
बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच.
तेही सांगितलं नाही.
चढताना कळेलच त्याच्या गुडघ्याला.